मोतीबिंदू: पडदा नव्हे, आपलंच जुनं प्रथिन

आमच्या आत्यानं एका दिवाळीत चष्मा न लावता सुईत दोरा ओवून दाखवला. वय एकाहत्तर. गेली पंधरा-वीस वर्षं चष्म्याशिवाय तांदूळ निवडता न येणारी ही बाई गोधडीला टाके घालत बसली होती आणि येईल त्याला सांगत होती, “बघा, थेंबांनी नजर परत आली माझी.” ओळखीतल्या कुणीतरी दिलेले मधाचे थेंब ती तीन महिने रोज डोळ्यांत घालत होती. घरात सगळ्यांना आनंद झाला. दारातून आत येणारा माणूस कोण, हे तिला आवाज ऐकल्याशिवाय कळत नव्हतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षभरानं ती पायरी चुकून पडली, मनगट मोडलं आणि त्या निमित्तानं झालेल्या तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

तिची नजर सुधारलेलीच नव्हती. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की तो प्रकाश जास्त वाकवतो. त्यामुळे जवळचं काही काळ चष्म्याविना दिसतं आणि लांबचं धूसर होत जातं. डोळ्यांचे डॉक्टर याला मोतीबिंदूची सुरुवात म्हणून ओळखतात. घरातले मात्र त्याला चमत्कार समजतात आणि वर्ष वाया जातं. थेंब घातले नसते तरी आत्यानं त्या दिवाळीत दोरा ओवलाच असता.

‘डोळ्यावर पडदा आलाय’

असं आपण सर्रास म्हणतो आणि बहुतेक गैरसमज या एका वाक्यातून निघतात. पडदा म्हटलं की तो बाहेरून येतो, वर बसतो आणि म्हणूनच धुता, पुसता किंवा थेंबांनी विरघळवता येतो, असं वाटणारच. प्रत्यक्षात मोतीबिंदू डोळ्याच्या पृष्ठभागावर नसतोच. बाहुलीच्या मागे सुमारे ९ ते १० मिलिमीटर रुंदीचं, मसुरीच्या दाण्याच्या घाटाचं एक पारदर्शक भिंग असतं. गढूळ होतं ते हे भिंग. त्याच्यावर काही चढत नाही, त्याच्या आत काही उगवत नाही. ज्या द्रव्याचं ते बनलेलं आहे, तेच द्रव्य बदलतं.

हे द्रव्य म्हणजे पाणी आणि प्रथिनं. साधारण दोन भाग पाणी आणि एक भाग प्रथिन, इतकं दाट मिश्रण शरीरात फारच थोड्या ठिकाणी सापडतं. या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात आणि त्यांचे अल्फा, बीटा आणि गॅमा असे तीन मोठे गट आहेत. इतकं दाट असूनही ते काचेसारखं स्वच्छ कसं राहतं, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षं सतावत होता. १९८३ साली फ्रान्समधल्या देले आणि तार्दिय या दोघींनी दाखवलं की क्रिस्टॅलिनचे रेणू दाटीवाटीनं पण इतक्या सारख्या अंतरानं बसलेले असतात की त्यांच्यावरून विखुरणारा प्रकाश एकमेकांना जवळपास मारून टाकतो आणि बाकीचा सरळ आरपार जातो. ही सारखी मांडणी जोवर टिकते तोवर भिंग स्वच्छ. खिचडीतला मोकळा साबुदाणा एकमेकांना चिकटून गोळा व्हावा, तसे हे रेणू एकत्र येऊन त्यांचे मोठे गोळे झाले की प्रकाश त्यांच्यावर आदळून चहूकडे फेकला जातो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती रात्री जी तेजाची कडी दिसतात, ती या गोळ्यांमुळे.

जन्माआधीचं प्रथिन

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते. आपली कातडी झडते, नवी येते. रक्त बदलतं, हाडंसुद्धा हळूहळू नव्यानं घडतात. भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन मात्र एकदा तयार झालं की कधीच बदललं जात नाही. भिंगाच्या पेशी तयार होताना प्रकाशाच्या वाटेत यायला नको म्हणून आपलं केंद्रक आणि आतले इतर घटक मोडून टाकतात. मग नवं प्रथिन बनवण्याची सोयच उरत नाही. बाहेरून नव्या पेशींचे थर कांद्यासारखे चढत राहतात आणि जुने आत आत ढकलले जातात. अगदी आतला गाभा आपण आईच्या पोटात असतानाच घडलेला असतो.

याचा पुरावा अणुचाचण्यांनी दिला. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि मग तो हळूहळू कमी होत गेला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००८ साली माणसांच्या भिंगातला कार्बन-१४ मोजला, तर तो त्या माणसाच्या जन्मकाळातल्या हवेशी जुळला. ग्रीनलंडच्या समुद्रातल्या शार्क माशाचं वय काही शतकांचं असतं, हे २०१६ मध्ये कळलं, तेही त्याच्या डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यावरूनच.

साठ-सत्तर वर्षं एकच प्रथिन वापरायचं म्हटल्यावर त्याची झीज होणारच. प्राणवायूच्या क्रियेनं त्यातली गंधकाची टोकं एकमेकांत अडकतात. काही दुवे आपोआप बदलतात आणि रेणूची घडी सैल होते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी आणि वयानं बदललेले रंगीत रेणू त्याला चिकटतात, म्हणून भिंग आधी पिवळं आणि मग मधासारखं तपकिरी होतं. ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य ही प्राणवायूची झळ रोखून धरत असतं, पण वयाबरोबर गाभ्यापर्यंत ते पोहोचणं कमी होतं.

निसर्गानं राखणदारही ठेवलेला आहे. अल्फा क्रिस्टॅलिन फक्त भिंगाची वीट नाही, ते इतर बिघडलेल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यांचे गोळे होऊ देत नाही. हे १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवून दिलं. पण राखणदारांची संख्या जन्मतःच ठरलेली. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत गाभ्यातलं विरघळलेलं अल्फा क्रिस्टॅलिन जवळपास संपतं. वाचायच्या चष्म्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी’ म्हणतात ते याच वयामुळे. भिंग कडक होण्याचा आणि राखणदार संपण्याचा काळ एकच असतो. मोतीबिंदू डोळ्यांना दिसतो साठीनंतर, पण त्याची तयारी वीस वर्षं आधीपासून चाललेली असते.

‘साखर आता आटोक्यात आहे, मग डोळ्यांचं काय?’

मधुमेह असलेल्यांना एचबीए१सी ही तपासणी पाठ असते, ‘तीन महिन्यांची साखर’. रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर त्यात मोजतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तो हिशेब तीन महिन्यांनी पुसला जातो. भिंगातल्या प्रथिनालाही साखर तशीच चिकटते, पण तिथला हिशेब कधीच पुसला जात नाही, कारण प्रथिन बदलत नाही. भाकरीवर खरपूस डाग पडतात ते पिठातली साखर आणि प्रथिन यांच्या क्रियेनं. तशीच क्रिया, तव्याच्या आचेविना आणि फार सावकाश, डोळ्यात चालू असते. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. साखर आटोक्यात ठेवायची ती पुढचं नुकसान मंदावण्यासाठी. झालेलं मागे फिरत नाही.

थेंब, मध आणि जाहिराती

अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना आरपार दिसतो, शिजला की दुधाळ होतो. त्याला गार केलं, पाण्यात ठेवलं, तरी तो परत कच्चा होत नाही. भिंग उष्णतेनं शिजत नाही, पण एकदा गोळे झालेली प्रथिनं सहज सुटी होत नाहीत, हे दोन्हीकडे सारखंच. मोतीबिंदू विरघळवतात म्हणून विकले जाणारे थेंब या गोष्टीशी कसे झुंजणार, हे विकणाऱ्याला विचारावं.

यावर संशोधन झालं नाही असं मुळीच नाही. २०१५ साली ‘नेचर’मध्ये लॅनोस्टेरॉल या द्रव्यानं कुत्र्यांच्या भिंगातले गोळे कमी झाल्याचा शोधनिबंध आला आणि जगभर बातम्या झाल्या. पुढे माणसांच्या डोळ्यांतून काढलेल्या मोतीबिंदूंवर ते वापरून पाहिलं, तेव्हा ते भिंग स्वच्छ झालं नाही. आज मोतीबिंदू नाहीसा करणारं, सिद्ध झालेलं एकही औषध नाही. उलट उघड्या बाटलीतल्या मधानं जंतुसंसर्ग होऊ शकतो. दुकानातून स्वतःच्या मनानं आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले तर त्यांनीच मोतीबिंदू होतो. डोळे लाल झाले की तेच जुने थेंब पुन्हा आणायची सवय गावोगावी आहे. ती मोडायलाच हवी.

‘पिकू दे, मग काढू’

हा सल्ला कधीकाळी बरोबर होता. जुन्या शस्त्रक्रियेत कच्च्या भिंगाचा चिकट भाग डोळ्यात राहून त्रास द्यायचा, त्यामुळे पूर्ण पिकायची वाट पाहत. भिंग काढल्यावर जन्मभर जाड काचांचा चष्मा लागायचा. लंडनमध्ये १९४९ साली हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं आणि पुढे चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये भिंग ध्वनिलहरींनी फोडून काढायची पद्धत आणली. काळ बदलला, सल्ला तसाच राहिला. आता फार पिकलेला मोतीबिंदूच जास्त जोखमीचा. गाभा टणक झालेला असतो, तो फोडायला जास्त शक्ती लावावी लागते आणि डोळ्याच्या नाजूक थरांना धोका वाढतो. अतिपिकलेल्या भिंगातून प्रथिनं बाहेर झिरपली तर डोळ्यातलं पाणी वाहून नेणारी वाट तुंबते, दाब चढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो. तातडीनं उपचार मिळाले नाहीत तर दृष्टी कायमची जाते. म्हणून शस्त्रक्रिया कधी करायची, हे पिकण्यावरून ठरवू नये. रोजची कामं अडू लागली की वेळ झाली.

‘लेसरनं काढला’ असं लोक सांगतात, ते बहुतेकदा या ध्वनिलहरींबद्दल असतं. आणि ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंगाची मागची पातळ पिशवी डोळ्यात ठेवलेली असते, तिच्यावर उरलेल्या पेशी पसरतात. खरं लेसर लागतं ते इथं, आणि काही मिनिटांत काम होतं.

मोतीबिंदू म्हातारपणाचाच, असंही नाही. क्रिस्टॅलिनच्या जनुकात दोष असेल, किंवा गरोदरपणात आईला रुबेला झाला असेल, तर बाळ मोतीबिंदू घेऊनच जन्माला येतं. बाळाच्या बाहुलीत किंवा फोनवर काढलेल्या फोटोत पांढरी झाक दिसली तर महिने घालवू नका, त्याच आठवड्यात दाखवा. वेळेवर प्रकाश पोहोचला नाही तर मेंदू त्या डोळ्यानं पाहायला शिकतच नाही.

आत्याची दोन्ही ऑपरेशनं झाली. पट्टी काढल्यावर तिनं दोरीवर वाळत घातलेली आपली साडी पाहिली आणि म्हणाली, “अगं, ही निळी आहे? मी हिरवी म्हणून नेसत होते.” पिवळ्या पडलेल्या भिंगानं तिच्यापर्यंत निळा रंग पोहोचूच दिला नव्हता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

देशात २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू ठरलं, सुमारे ६६ टक्के. उन्हात टोपी आणि गॉगल, धूम्रपानाची सवय सोडणं, साखर आटोक्यात ठेवणं, यांनी तो लांबतो. आणि घरात साठीपुढचं कुणी असेल तर आज एवढं करा: भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर त्यांना दहा पावलांवर उभं करा, एक डोळा तळहातानं झाकायला सांगा, तारीख वाचायला लावा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो. एका डोळ्यानं अडखळले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.