तोंडात गेलेले पाय

मोठागाव ठाकुर्लीच्या रेतीबंदरापाशी उल्हास नदीची खाडी झालेली असते. तिथून ठाण्याकडे जसजसं उतरावं तसतशी तिवरं दाट होतात. ओहोटीला तिथल्या चिखलावर बारीक गोळ्या पसरलेल्या दिसतात. अनेकांना ती विष्ठा वाटते. पण हा चिखल पोटात गेलेलाच नसतो. फिडलर खेकड्याने तो तोंडात धुऊन, त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेऊन बाहेर ठेवलेला असतो.

नराचा एक नांगा अवाढव्य. तो मिरवायला आणि भांडायला. खाताना त्याचा काडीचा उपयोग नाही. लहान नांग्याने चिमूटभर चिखल तोंडात जातो. कल्ल्यांच्या कप्प्यातलं पाणी तोंडात येतं आणि चमच्यासारख्या टोकांचे केस कण न् कण खरवडतात. हलकं शेवाळ आणि जिवाणू पाण्यावर तरंगून आत जातात, जड वाळू खाली बसते. तिची गोळी होते आणि नांगा ती पुसून टाकतो. सोनं धुणाऱ्या झारेकऱ्याचंच हे काम!

हे करणारं तोंड सहा जोड्यांचं असतं. सगळ्यात आत चावणारे कठीण जबडे, त्यांच्यावर पातळ जबड्यांच्या दोन जोड्या. त्यांतल्या दुसरीचं एक पातं सतत हलत राहून कल्ल्यांवरून पाणी खेळतं ठेवतं. म्हणजे श्वासही तोंडाच्याच अवयवावर चालतो. बाहेरच्या तीन जोड्या म्हणजे चक्क पाय. त्यांना जबडापाद म्हणतात.

पायाचा जबडा कसा झाला? १९९७ साली मिखालिस अ‍ॅव्हेरॉफ आणि निपम पटेल यांनी वेगवेगळ्या कवचधारींचे भ्रूण ताडून पाहिले. अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक छातीच्या ज्या खंडांत जागं होत नाही, तिथे पायांऐवजी जबडापाद दिसले. पुढे २००९ मध्ये पॅरायाले या चिमुकल्या कवचधारीत ते जनुक दाबलं, तेव्हा चालायच्या पायांचेच जबडापाद झाले. एका जनुकाची हद्द सरकते आणि पाय तोंडात जातो, याहून थक्क करणारं मला तरी काही ठाऊक नाही.

खेकडा, कोळंबी यांना दशपाद म्हणतात, पण छातीवर जोड्या आठ, म्हणजे पाय मुळात सोळा. त्यांतले सहा तोंडाने घेतले. पुढच्या वेळी चिंबोरी घरी आली की रस्सा टाकण्याआधी तोंडावरची झाकणं उघडून ते सहा मोजून पाहा.