द्वाड घोडा शांत होतो तेव्हा

शेगावात मोट्यांच्या महादेवाच्या देवळात गोविंदबुवा टाकळीकर कीर्तनाला आले होते. त्यांचा घोडा देवळासमोर बांधलेला, तोही लोखंडी साखळ्यांनी. चावणं, लाथा झाडणं, सुटला की रानात पळणं आणि रात्रभर खिंकाळणं असा त्याचा लौकिक होता. त्या रात्री बुवांना जाग आली आणि घोड्याचा आवाजच ऐकू येईना. उठून पाहतात तर घोड्याच्या चार पायांत गजानन महाराज निवांत निजलेले आणि घोडा जागचा हलत नव्हता.

दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ या 21 अध्यायांच्या ग्रंथात, नवव्या अध्यायात ही कथा येते. ग्रंथ 1939 सालचा. महाराज शेगावात प्रकटले 23 फेब्रुवारी 1878 रोजी आणि समाधिस्थ झाले 8 सप्टेंबर 1910 रोजी. बुलढाणा जिल्ह्यात पारायण होणाऱ्या घरांत ही कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. भक्तांसाठी ती लीला आहे आणि तिला कुणाच्या स्पष्टीकरणाची गरज नाही. मला मात्र ती वाचताना दर वेळी घोड्याकडे बघावंसं वाटतं. त्या रात्री त्याला काय जाणवलं असेल? घोड्याचं मन कसं शिकतं याबद्दल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे कळलंय, ते हाताशी घेऊन ही कथा वाचली की ती आणखी विलक्षण वाटते.

सुरुवात साखळीपासून करू. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला भोवतालचं जवळजवळ सगळं, सुमारे 350 अंशांपर्यंत, दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. झोपसुद्धा बरीचशी उभ्यानंच, कारण पायांच्या सांध्यांना कुलूप घातल्यासारखी रचना त्याच्या अंगातच आहे. हे सगळं एकाच कामासाठी घडलंय : धोका लवकर कळावा आणि लगेच पळता यावं. पळणं हाच घोड्याचा पहिला उपाय. चावणं आणि लाथ मारणं ही पळायची वाट बंद झाल्यावरची शस्त्रं. साखळी घातली की पहिला उपाय संपतो आणि उरतात फक्त दात आणि खूर. मग माणसं म्हणतात, घोडा द्वाड आहे, साखळी आणखी घट्ट करा.

आणि ते रात्रभरचं खिंकाळणं! घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. दूरवर ऐकू जाणारी ती लांब हाक तो मुख्यतः आपल्यापासून तुटलेल्या सोबत्यांना घालतो. कळपात काही घोडे जमिनीवर आडवे होतात तेव्हा बहुधा एखादा तरी उभा राहून राखण करतो. गाढ, स्वप्नं पडणारी झोप घोड्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही आणि असुरक्षित वाटत असेल तर तो आडवाच होत नाही. कीर्तनकाराबरोबर गावोगाव हिंडणारा, दर मुक्कामाला नव्या जागी बांधला जाणारा एकटा घोडा रात्री कुणाला हाका मारत असेल? त्याच्याजवळ एक जीव आला. त्याच्या हातात चाबूक नव्हता, त्याला घोड्याकडून काही नको होतं आणि तो चक्क जमिनीवर आडवा झाला. झेप घ्यायला निघालेलं जनावर कधी असं आडवं होऊन निजत नाही. घोड्याच्या जगात याहून स्पष्ट अभयवचन मला तरी सुचत नाही.

(हे वाचून कुणी घोड्याखाली जाऊन झोपू नये. घाबरलेल्या घोड्याचं एक पाऊल बरगड्या मोडायला पुरेसं असतं.)

कथेत हे एका रात्रीत घडलं; एरवी, ज्यांना माणसाचा हात कधी लागलेला नाही अशा घोड्यांना माणसाळवतात कसं? आपल्याकडे रानघोडे जवळपास नाहीत. कच्छच्या रणात आहेत ती रानगाढवं. आसामात दिब्रू-सैखोवाच्या बेटांवर मोकाट घोड्यांचे कळप आहेत, ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं मागे सोडलेल्या घोड्यांचे वंशज मानले जातात. मंगोलियाचा प्रझेवाल्स्की घोडा बंदिवासात वाढवून 1992 पासून पुन्हा गवताळ रानात सोडला गेला. सगळ्यात जास्त अनुभव आहे तो अमेरिकेत. स्पॅनिश लोकांनी नेलेल्या घोड्यांची मोकाट झालेली प्रजा, म्हणजे मस्टँग, तिथे 1971 च्या कायद्यानं संरक्षित आहे. संख्या वाढली की सरकार काही घोडे पकडतं आणि लोक ते दत्तक घेतात. अशा घोड्याला माणूस म्हणजे शिकारीच वाटतो.

जुनी रीत सरळ होती : फास टाका, बांधा, वर बसा, तो थकेपर्यंत उतरू नका. नवी रीत बघताना माणसाचा संयम सुटेल इतकी संथ आहे. पहिल्यांदा माणूस कुंपणाजवळ चाऱ्याची बादली ठेवतो आणि निघून जातो. घोडा येतो, खातो. पुढे माणूस जात नाही, पण लांब उभा राहतो, घोड्याकडे एकटक न बघता, अंग वळवून. घोड्याची मान ताठ झाली, नाकपुड्या फुगल्या की माणूसच मागे सरतो. हे मागे सरणं फार मोलाचं. घोड्याला पहिल्यांदा कळतं की या प्राण्याला आपलं ‘नको’ समजतं. एकदा तो जवळ यायला लागला की काठीच्या टोकाला चेंडू बांधून पुढे धरतात. कुतूहलानं घोडा नाक लावतो. नाक लागलं त्याच क्षणी ‘टिक्’ असा ठरलेला आवाज, आणि लगेच घास. चार-दोन वेळा असं झालं की घोड्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळतं. मी काहीतरी केलं आणि चांगलं घडलं! आता चेंडू जिकडे जाईल तिकडे तो चालत येतो, दोरीशिवाय. तसाच तो म्होरकीत स्वतःहून तोंड घालतो, खूर उचलून देतो.

मानसशास्त्राच्या पुस्तकात याला धन प्रबलन म्हणतात : हवी ती कृती झाली की प्राण्याला आवडणारं काहीतरी द्यायचं. त्याचा पाया एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरच्या प्रयोगांनी घातला आणि बी. एफ. स्किनर यांनी 1938 च्या ग्रंथात त्याची मांडणी केली. ‘टिक्’ आवाजाचं काम एवढंच, की शाबासकी नेमक्या कुठल्या क्षणाची ते कळावं. घास पोचायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात घोड्यानं दुसरंच काही केलेलं असतं. लगामाची नेहमीची रीत वेगळी आहे. तिथे दाब द्यायचा आणि घोडा वळला की सोडायचा. हलक्या हातानं केली तर ती रीत क्रूर नाही, जगातले बहुतेक घोडे तशीच शिकतात. पण तिच्यात घोडा त्रास टाळायला शिकतो. घासाच्या रीतीत तो काहीतरी शोधायला शिकतो, आणि माझ्या मते सारा फरक इथेच आहे.

हा फरक मोजताही आला आहे. गाडीत चढायला नकार देणाऱ्या, आधी दोर आणि चाबूक वापरून चढवल्या जाणाऱ्या पाच घोड्यांना अमेरिकेतल्या फर्ग्युसन आणि रोझालेस-रुइझ या संशोधकांनी नाक लावायच्या खुणेनं शिकवलं. 2001 साली त्यांनी लिहिलं, की घोडे चढू लागले आणि मागे ओढणं, उधळणं असे प्रकारही नाहीसे झाले. फ्रान्समध्ये कॅरोल सांके आणि सहकाऱ्यांनी तरुण घोड्यांना ‘थांब’ हा शब्द शिकवला, काहींना घास देऊन आणि काहींना न देता. 2010 च्या त्यांच्या लेखानुसार घास मिळालेले घोडे लवकर शिकले आणि महिने उलटल्यावरही विसरले नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कधी न पाहिलेल्या माणसाकडेही ते अधिक विश्वासानं आले. एका माणसानं दिलेला घास घोड्यानं सगळ्या मनुष्यजातीच्या खात्यावर जमा केला!

घास हेच सगळं नाही. घोडे एकमेकांची मान आणि खांदा जिथे मिळतात ती जागा, आयाळ संपते तो उंचवटा, दातांनी खाजवून देतात. 1993 मध्ये क्लॉडिया फे आणि द माझिएर यांनी कामार्गच्या घोड्यांची तिथेच हातानं खाजवणी केली, तर हृदयाचे ठोके दहा टक्क्यांहून अधिक मंदावले. दुसरीकडे खाजवलं तर तसं झालं नाही. अथेन्सच्या झेनोफननं इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिताना सांगून ठेवलं होतं, की भूक, तहान आणि माश्यांचा त्रास शिंगराला एकटेपणी भोगावा लागावा आणि त्यातून सुटका मात्र माणसाकडून व्हावी, म्हणजे ते माणसाची वाट पाहू लागेल. घोड्याला जिथे स्पर्श आवडतो तिथेच हात लावावा, हेही त्यानं लिहिलंय. प्रयोगशाळा नव्हती, पण घोड्याकडे बघणारे डोळे होते.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. गप्प उभा राहिलेला घोडा शांतच असतो का? नाही. खूप मार खाल्लेला, सुटकेची आशा सोडलेला घोडाही पुतळ्यासारखा उभा राहतो. त्याचे डोळे कुठेच बघत नसतात, कान हलत नाहीत, कुणी आलं-गेलं त्याला फरक पडत नाही. शांत घोडा मान खाली सोडतो, एक मागचा पाय सैल टेकवतो, खालचा ओठ लोंबतो आणि कान मात्र आवाजाकडे वळत राहतात. खरी परीक्षा एकच : दोर काढा आणि बघा, तो थांबतो का.

म्हणूनच मला त्या अध्यायातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी बुवा त्याच घोड्यावर बसून महाराज होते त्या मळ्यात आले. लोक घाबरले, ही ब्याद इथे कशाला म्हणाले. बुवांनी त्याला दाव्याशिवाय चिंचेखाली उभं केलं. भोवती भाजी होती, हिरवा घास होता, तरी त्यानं कशाला तोंड लावलं नाही की कुठे पळाला नाही. हिरव्या चाऱ्यासमोर मोकळा घोडा तोंड बांधल्यासारखा उभा राहावा, हे माझ्या कुठल्याही शास्त्रात बसत नाही आणि मी ते बसवणारही नाही. पण कथा सांगणाऱ्यानं पुरावा म्हणून साखळी काढलेला घोडा उभा केला, ही जाण अस्सल आहे.

आजही शेगावच्या पालखीत अश्व चालतात. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात आणि रिंगणात, लाखोंच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात धावतात. पळण्यासाठीच घडलेल्या प्राण्यानं एवढ्या आवाजात माणसांवर विसंबावं, यामागे सांभाळणाऱ्या हातांची कितीतरी वर्षं असतात.

तुमच्या गावात पुढची वरात निघेल तेव्हा त्या घोडीकडे जरा थांबून बघा. मालकाला विचारा, मागून जाऊ नका, खांद्याच्या बाजूनं हळू या, उलट्या हाताचा वास घेऊ द्या आणि तिनं मान वळवली नाही तर आयाळ संपते तिथे खाजवा. आणि फटाक्यांची माळ तिच्यापासून लांब, फार लांब लावायला सांगा.