वॉटचा घोळ

गॅदरिंगसाठी वर्गणीतून ॲम्प्लिफायर आणायचं काम माझ्याकडे आलं. खोक्यावर '१००० वॉट पीएमपीओ' वाचून मी भुललो. हॉलमध्ये आवाज चढवला, तर नुसती घरघर! मागचं लेबल नंतर वाचलं: इनपुट ४० वॉट. कॉन्झर्व्हेशन ऑफ एनर्जी, म्हणजे आपली ऊर्जेची अक्षय्यता, मी परीक्षेपुरतीच शिकलो होतो!

सतत मिळणारी पॉवर म्हणजे आरएमएस. तीच बघा, तीही किती ओहमला, किती डिस्टॉर्शनला, ते विचारा. पॉवर दुप्पट केली तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. ४० वरून ५० वॉट म्हणजे जेमतेम १! त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

रिसीव्हर म्हणजे ॲम्प्लिफायर अधिक रेडिओ ट्यूनर. रेडिओ नको असेल, तर ते पैसे चांगल्या स्पीकरला लावा.

वर्गणीचा हिशेब मात्र मी अजून देतोय.