न्यायालयाच्या उंबरठ्यावरचा अधिकारी

न्यायमूर्तींच्या नियुक्त्यांवर देशात जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेही ती न्यायालयांच्या रजिस्ट्रारविषयी होत नाही. वास्तविक प्रत्येक याचिका न्यायमूर्तींसमोर जाण्याआधी रजिस्ट्रीत तपासली जाते. तिच्यातील त्रुटी काढल्या जातात, तिला क्रमांक मिळतो, मग ती सुनावणीच्या यादीत लागते. जामिनाची वाट पाहणाऱ्या कैद्याला कायद्याच्या बारकाव्यांपेक्षा ही यादीच अधिक मोलाची असते.

या अधिकाऱ्यांच्या नियुक्तीमागे घटनाकारांचा विचार स्पष्ट होता. अनुच्छेद १४६ नुसार सर्वोच्च न्यायालयातील नेमणुका सरन्यायाधीश अथवा त्यांनी निर्देशित केलेले न्यायाधीश वा अधिकारी करतात. अनुच्छेद २२९ उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींना तोच अधिकार देतो. प्रशासकीय खर्च अनुक्रमे केंद्राच्या व राज्याच्या संचित निधीवर भारित असल्याने त्यावर विधिमंडळाचे मतदान होत नाही. कार्यपालिकेने न्यायालयाच्या दफ्तरात हात घालू नये, हा त्यामागचा हेतू. माझे आयुष्य कार्यपालिकेत गेले. फाईल नुसती पडून ठेवूनही निर्णय टाळता येतो, हे मी जाणतो. म्हणून ही तटबंदी मला रास्त वाटते.

प्रश्न तटबंदीच्या आतला आहे. न्यायालयीन नोकरभरतीलाही समान संधीची तत्त्वे लागू आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये बजावून सांगावे लागले. २०१९ च्या फेब्रुवारीत एका उद्योगपतीच्या अवमान प्रकरणातील आदेश संकेतस्थळावर टाकताना व्यक्तिगत हजेरीतून सूट 'नाही' यातला नकारच गळाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दोन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. त्याच मार्चमध्ये निराळे प्रकरण पुढे आले. मद्रास उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रीने एका अटकपूर्व जामीन अर्जाला, तो कायद्याने चालण्याजोगा नाही असे परस्पर ठरवून, क्रमांकच नाकारला होता. क्रमांक देणे हे प्रशासकीय काम आहे, न्यायनिवाडा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुनावले.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांनुसार रजिस्ट्रार निरर्थक वाटणारी याचिका नाकारू शकतो. त्याविरुद्ध १५ दिवसांत न्यायालयाकडे दाद मागता येते. पण याचिका नाकारलीही नाही आणि यादीत लावलीही नाही, तर दाद कशाविरुद्ध मागायची?

न्या. उदय लळित यांना २०२२ मध्ये सरन्यायाधीशपदी अवघे ७४ दिवस मिळाले. प्रमुख इतक्या लवकर बदलतो, तेव्हा दफ्तराची शिस्त व्यक्तीवर नव्हे, नियमावर उभी हवी. रजिस्ट्रारना निश्चित कार्यकाळ द्यावा, क्रमांक देण्यास मुदत असावी, प्रकरण यादीतून वगळल्यास लेखी कारण नोंदवावे आणि ते पक्षकाराला पाहता यावे. यासाठी घटनादुरुस्ती नको. न्यायालयांना स्वतःच्या नियमांत हे करता येईल. ते त्यांनी स्वतःहून केले, तर बाहेरच्या कोणालाही दफ्तरात डोकावण्याचे निमित्त उरणार नाही.