हेडफोनला वॉट किती लागतात?

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्या काळी स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना घरची वीज लागे, ना बॅटरी. एरियलच्या तारेवर रेडिओलहरींतून जी काही चिमूटभर ऊर्जा उतरेल, तेवढ्यावरच कानाला लावलेला हेडफोन बोलायचा. ती ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून हेडफोनच्या वेटोळ्यात अतिशय बारीक तारेचे पुष्कळ फेरे घातलेले असत, आणि त्याचा विद्युत् रोध दोन हजार ओम किंवा त्याहूनही अधिक असे. हेडफोन आणि त्याला शक्ती पुरवणारे यंत्र यांची जोडी जुळावी लागते, ही गोष्ट अशी नभोवाणीइतकीच जुनी आहे.

आज मात्र पुष्कळजण दुकानात जातात आणि एकच प्रश्न विचारतात, "अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा?" जास्त वॉट म्हणजे चांगला आवाज, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. नुसता वॉटचा आकडा म्हणजे नुसते मुलाचे उत्पन्न. तेवढ्यावर लग्न ठरवू नये! आणखी दोन-तीन गुण जुळतात का, हे पाहावे लागते. ते कोणते, हे आता बघू.

पहिला गुण हेडफोनची संवेदनक्षमता. एक मिलिवॉट, म्हणजे वॉटचा हजारावा भाग, एवढी शक्ती दिली तर हेडफोन किती डेसिबेल आवाज काढतो, ते हा आकडा सांगतो. समजा, तो १०० डेसिबेल आहे. आता गंमत पाहा. घरी शांत खोलीत आपण सुमारे ७५ डेसिबेलवर गाणे ऐकतो. शक्ती दहापट केली की आवाज १० डेसिबेलने वाढतो आणि दहावा भाग केली की तेवढाच उतरतो. या हिशेबाने ७५ डेसिबेलला किती शक्ती लागेल? मिलिवॉटचा सुमारे तीनशेवा भाग! वॉटची गोष्ट तर सोडाच.

तुम्ही म्हणाल, मग अ‍ॅम्प्लिफायर हवा तरी कशाला? तो हवा गाण्यातल्या उसळीसाठी. संगीताचा आवाज काही एकसारखा नसतो. विलंबित ख्यालातली आलापी मंद चालते आणि मध्येच समेवर तबल्याची थाप पडते. ती थाप क्षणभरच असते, पण सरासरी आवाजाच्या १५-२० डेसिबेल वर जाऊ शकते. २० डेसिबेल म्हणजे शंभरपट शक्ती, बरं का! शिवाय काही ध्वनिमुद्रिका मुळातच हळू आवाजात भरलेल्या असतात. म्हणून क्षणिक उसळीला ११० डेसिबेलपर्यंत वाव ठेवला की सहसा पुरतो. हा वाव आहे. रोज ऐकण्याची पातळी नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्या.

दुसरा गुण हेडफोनचा रोध. खोक्यावर तो 'इंपीडन्स' या नावाने ओममध्ये छापलेला असतो. १६ किंवा ३२ ओमांपासून ३०० आणि ६०० ओमांपर्यंत हेडफोन मिळतात. रोध जास्त असला की तीच शक्ती पोचवायला विद्युत् दाब, म्हणजे व्होल्ट, जास्त लागतो आणि प्रवाह कमी लागतो. रोध कमी असला की याच्या उलट.

तीन हेडफोन घेऊन हिशेब करू. पहिला ३२ ओमांचा, संवेदनक्षमता १००. त्याला ११० डेसिबेलसाठी १० मिलिवॉट हवेत. दाब लागेल साधारण ०.५७ व्होल्ट. दुसरा ३०० ओमांचा, संवेदनक्षमता तीच १००. त्यालाही १० मिलिवॉटच हवेत, पण दाब लागेल १.७३ व्होल्ट, म्हणजे तिप्पट. तिसरा ५० ओमांचा, पण संवेदनक्षमता अवघी ८४. त्याला लागतील तब्बल ४०० मिलिवॉट आणि साडेचार व्होल्ट! तिसऱ्याचे ओम दुसऱ्यापेक्षा कितीतरी कमी, पण भूक चाळीसपट. तेव्हा 'ओम कमी म्हणजे चालवायला सोपा' हेही पूर्ण खरे नव्हे. दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत.

आता एक व्होल्ट दाब देणारे एखादे मोबाइल फोनचे सॉकेट घ्या. पहिला हेडफोन त्यावर आरामात चालेल. दुसरा १०५ डेसिबेलपर्यंत जाईल. बहुतेकांना तेवढे पुरे. तिसरा ९७ वर अडकेल. हळू भरलेली ध्वनिमुद्रिका लावली की तुम्ही आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवाल आणि तरी हात बटणावरच राहील. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची खरी गरज या तिसऱ्याला आहे.

खोक्यावरचे आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिले ठिकाण असे. संवेदनक्षमता कोणी 'दर मिलिवॉट' देतो, तर कोणी 'दर व्होल्ट'. दोन्ही आकडे डेसिबेलमध्येच, म्हणून सारखेच वाटतात. पण ३२ ओमांच्या हेडफोनला एक व्होल्ट म्हणजे ३१ मिलिवॉट. त्यामुळे 'दर व्होल्ट ११५' आणि 'दर मिलिवॉट १००' हा एकच माल झाला. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यापूर्वी परिमाण तपासावे.

दुसरे ठिकाण अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर. '१०० मिलिवॉट' असे लिहिले असेल तर लगेच विचारावे, "किती ओमांवर?" ३२ ओमांवर १०० मिलिवॉट म्हणजे दाब झाला साधारण १.८ व्होल्ट. त्याच दाबावर ३०० ओमांचा हेडफोन जोडला की हाती येतात जेमतेम ११ मिलिवॉट. यंत्र तेच, बटण तिथेच. पण शंभराचे अकरा झाले. आपल्या दुसऱ्या हेडफोनला एवढे पुरतात, हा भाग वेगळा.

तिसरा गुण अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध. हा गुण फारसे कोणी पाहत नाही. हेडफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. ३२ ओम लिहिलेला हेडफोन खर्जाच्या आसपास ६४ ओम होऊ शकतो. अ‍ॅम्प्लिफायरचा रोध २ ओम असेल तर या बदलाने आवाजात पाव डेसिबेलचाच फरक पडतो आणि तो कानाला जाणवत नाही. पण हाच रोध १२० ओम असेल तर फरक चार डेसिबेलांहून अधिक होतो. खर्ज नको तितका फुगतो आणि तंबोरा मूळचा राहत नाही. काही जुन्या स्टीरिओ संचांच्या हेडफोन सॉकेटमध्ये असा मोठा रोध मुद्दाम घातलेला असे. सोपा नियम असा की अ‍ॅम्प्लिफायरचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून जास्त नसावा. ३२ ओमांच्या हेडफोनला तो चार ओम किंवा कमी असला की झाले.

जोडी जुळली नाही तर काय होते? शक्ती कमी पडली तर उसळीच्या वेळी लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. आणि शक्ती फार झाली तर? बटण जरासे हलवले की कानठळ्या बसतात. अगदी खालच्या टोकाला पुष्कळ बटणे डाव्या आणि उजव्या कानाला सारखा आवाज देत नाहीत. कानात घालायच्या संवेदनक्षम हेडफोनमध्ये तर गाणे थांबले तरी सूं-सूं ऐकू येत राहते. अ‍ॅम्प्लिफायरवर 'लो' आणि 'हाय' अशी गेनची कळ असेल तर ती अशा वेळी 'लो'कडे ठेवावी. बटण मधल्या टापूत असताना ऐकायला सुखाचे वाटले, की जोडी जमली म्हणायची. ब्लूटूथच्या हेडफोनला हा खटाटोप नाही. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो आणि तो कारखान्यातच जुळवून बसवलेला असतो.

एक धोका मात्र आवर्जून सांगायला हवा. लाउडस्पीकरच्या तारांना कोणी हेडफोन जोडू नये. ८ ओमांवर ५० वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्टपर्यंत जातो. त्याला ३२ ओमांचा हेडफोन लावला तर त्यात साडेबारा वॉट जातील. मिलिवॉटवर जगणारी ती नाजूक वेटोळी क्षणात जळतील, आणि त्या क्षणी हेडफोन कानावर असेल तर?

कानाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हेडफोन जळला तर दुसरा आणता येतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा अशी आहे : मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबेल, आठवड्याला ४० तास. पुढे प्रत्येक ३ डेसिबेलला हा अवधी निम्मा होतो. ९० डेसिबेलवर आठवड्याचे फक्त चार तास उरतात! मुलांसाठी तर मर्यादा ७५ डेसिबेलचीच आहे. आता लोकल गाडीतल्या प्रवासाचा विचार करा. गाडीचा खडखडाट बुडवण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवत जातो, आणि रोजच्या दोन तासांत आठवड्याचा वाटा केव्हा संपला ते कळतही नाही. तिथे जास्त शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर कामाचा नाही; बाहेरचा गोंगाट अडवणारा, कानावर नीट बसणारा हेडफोन कामाचा.

तेव्हा खरेदीला जाताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या : हेडफोनचे ओम, त्याची संवेदनक्षमता परिमाणासकट, अ‍ॅम्प्लिफायरचे मिलिवॉट 'किती ओमांवर', आणि त्याचा अंतर्गत रोध. दुकानदाराने वॉटचा मोठा आकडा सांगितला की चिठ्ठी पुढे करा. आणि घरी आल्यावर पिन खोचण्यापूर्वी आवाजाचे बटण शून्यावर आणायची सवय लावून घ्या. मग हळूहळू वाढवा, आणि तबल्याची थाप स्वच्छ ऐकू आली की तिथेच थांबा.