पथ्य कोणी सांगावे?

श्रोतेहो, वरणगावच्या बाजारात भाजीवाल्याच्या वजनमापांवर सरकारी शिक्का असावा लागतो. औषधाच्या दुकानात भिंतीवर परवाना टांगलेला असतो. मग आजाऱ्याला पैसे घेऊन "हे खा, ते खाऊ नका" असे सांगणाऱ्याची कुठे नोंद असते की नाही?

तुम्ही म्हणाल, खाण्यात कसला आलाय परवाना? कळण्याची भाकरी अन् वांग्याचे भरीत आमच्या आजीने कोणाला विचारून केले? तुमचे खरे आहे. निरोगी माणसाच्या ताटाला परवाना नको. अंगणवाडीच्या ताई पालेभाजीचे गुण सांगतात, तो सल्ला सर्वांच्याच हिताचा.

प्रश्न येतो आजाऱ्याच्या ताटाचा. आपल्याकडचे केळेच घ्या. वाढत्या मुलाला ते उत्तम. मधुमेह्याने ते किती नि केव्हा खावे, हे हिशेबाचे काम. पण ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्याच्या रक्तात केळ्यातले पोटॅशियम साठून हृदयाची चाल बिघडू शकते. तसेच इन्सुलिन घेणाऱ्याला कोणी कडक उपास सांगितला, तर रक्तातली साखर एकदम उतरून तो बेशुद्धही पडेल. केळे तेच, उपासही तोच. माणसागणिक परिणाम मात्र वेगळा. म्हणून पथ्य सांगणे ही शिकण्याची विद्या आहे.

या विद्येला आपल्याकडे बरीच वर्षे कायद्याचे कुंपण नव्हते. 1963 साली इंडियन डायटेटिक असोसिएशन स्थापन झाली. पुढे तिने परीक्षा घेऊन आहारतज्ज्ञांची नोंदणी सुरू केली. पण ती ऐच्छिक. डॉक्टरांसारखी सक्ती नव्हती. 2021 साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ दोघेही आले. शिक्षणाचा दर्जा केंद्रातल्या आयोगाने ठरवायचा, नावांची नोंदवही राज्य परिषदेने ठेवायची, अशी त्याची रचना. नोंद नसता ती असल्याची बतावणी केली, तर पहिल्या खेपेस 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण कायदा झाला म्हणजे भोंदू दुसऱ्या दिवशी गाव सोडून जात नाही. आपणच तीन प्रश्न विचारावेत. पहिला: तुमचे शिक्षण कोणत्या विद्यापीठाचे, आणि नोंदणी आहे का? दुसरा: माझी औषधे आणि तपासणीचे कागद पाहिलेत का? तिसरा: सल्ल्याबरोबर भुकटीचा डबाही तुम्हीच विकता का? डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक असला, तरी तो धंद्याचा परवाना आहे, रोग बरा होण्याची हमी नव्हे. मधुमेह किंवा लठ्ठपणा औषधाने बरा करतो, अशी जाहिरात तर 1954 च्या कायद्यानेच मना आहे.

शिक्षकबंधूंनी वर्गात असा एखादा रिकामा डबा आणून त्यावरचा मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मुले घरी जाऊन आईबापांना सांगतील. आणि एवढे ध्यानात असू द्या, मंडळी: डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी पथ्य सांगणाऱ्याच्या शब्दावर बंद करायची नाही. ती डॉक्टरांना विचारूनच.