हवाई अंतर व उड्डाणकाल
हवाई अंतर व उड्डाणकाल : दोन विमानतळांमधील पृथ्वीपृष्ठावरील लघुतम अंतरास हवाई अंतर आणि विमानाला ते ओलांडण्यास लागणाऱ्या वेळास उड्डाणकाल म्हणतात. दूरच्या प्रवासात या दोन राशी परस्परांच्या प्रमाणात राहतातच असे नाही. अधिक लांबीचा मार्ग कधीकधी कमी वेळाचा ठरतो.

पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठावरील दोन स्थानांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या स्थानांतून व पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठावर उमटणाऱ्या वर्तुळाचा लहान कंस होय. दोन्ही स्थानांचे अक्षांश व रेखांश ज्ञात असल्यास गोलीय त्रिकोणमितीने त्याची लांबी काढतात. केंद्राशी होणाऱ्या १° कोनामागे सु. १११ किमी. अंतर होते. वैमानिकी व्यवहारात ते सागरी मैलांत (१ सागरी मैल = १·८५२ किमी.) सांगतात.

दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को ही शहरे केंद्राशी सु. १११° कोन करतात. म्हणून त्यांमधील हवाई अंतर सु. १२,४०० किमी. आहे. दोन्ही शहरे ४० उ. अक्षांशाच्या दक्षिणेस असूनही हा कंस सायबीरियावरून ७५° उ. अक्षांशापलीकडे आर्क्टिक महासागरात जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. सपाट नकाशावर मात्र हाच मार्ग वळसा घेतल्यासारखा भासतो.

जेट विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग ताशी सु. ९०० किमी. असतो. जमिनीच्या सापेक्ष वेग मात्र वाऱ्यावर अवलंबून असतो. मध्य अक्षांशांत सु. ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. हिवाळ्यात जपानलगत त्यांचा वेग ताशी ३०० किमी.हूनही अधिक होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे पश्चिमेकडील शहर आपोआप जवळ येते, हा समज चुकीचा आहे. कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते.

एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये अटलांटिकवरून सुरू केली. त्या मार्गाची लांबी सु. १३,९०० किमी. होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमाने पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेण्यात आली. हा मार्ग सु. १५,३०० किमी. लांब असूनही अनुकूल वाऱ्यामुळे उड्डाणकाल सु. १६·५ तासांवरून सु. १४·५ तासांवर आला. म्हणजे सरासरी वेग ताशी सु. ८४० किमी.वरून सु. १,०५५ किमी. झाला. वेळेबरोबर इंधनाचीही बचत झाली.

ऋतू, विमानाचे वजन, विमानतळावरील गर्दी, ज्वालामुखीची राख आणि दोन एंजिनांच्या विमानांना पर्यायी विमानतळापासून किती दूर जाता येते यासंबंधीचे नियम हेही उड्डाणकाल ठरवितात. राष्ट्रांमधील संबंधांचा परिणाम तितकाच मोठा असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारे मार्ग लांबले व उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी यूरोपात थांबावे लागले.

वेळापत्रकातील काळ विमान थांब्यावरून हलल्यापासून गंतव्य थांब्यावर उभे राहीपर्यंतचा असतो. त्यामुळे तो प्रत्यक्ष हवेतील काळापेक्षा अधिक भरतो. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांवरून तो काढताना प्रमाणवेळांतील फरक हिशेबात घ्यावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या हिवाळ्यात १३·५ तास व उन्हाळ्यात १२·५ तास मागे असते. म्हणून हिवाळ्यात दिल्लीहून निघून १४·५ तासांनी तेथे पोहोचणाऱ्या प्रवाशाला स्थानिक घड्याळात केवळ एक तास उलटलेला दिसतो.